दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं

परवा माझी नातसून स्वयंपाकघरातून नवऱ्याला ओरडून म्हणाली, "संदीप, ओला टॉवेल खाटेवर टाकू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" संदीप हसत आला, टॉवेल उचलून गेला. कोणाला काही झालं नाही. तांदूळ निवडता निवडता माझा हात मात्र थांबला. मला भागाबाय आठवली.

भागाबाय चांगली बाई होती असं कोणी म्हटलं तर मला पटणार नाही. ती भांडखोर होती, तोंडाची फटकळ होती, दिवसभर मिश्री लावून खिडकीबाहेर थुंकायची आणि खोटं बोलताना तिची पापणी हलत नसे. पण तिच्यासारखं काम करणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

ही गोष्ट रत्नागिरीतली, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचं असं तेव्हा सरकारने मनावर घेतलं होतं. बंदराकडच्या आमच्या वाडीत बायकांसाठी एक वर्ग निघाला. मराठी शाळेची मागची खोली आणि दुपारची वेळ. सकाळची मासळी विकून, घरी दोन घास खाऊन बायका यायच्या. शिकवायला लिमये मास्तर होते. मास्तर तरुण, हुशार, पण बायकांकडे बघायची त्यांना चोरी. ते फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करून शिकायच्या. मधे कोणीतरी हवं होतं, म्हणून मदतनीस म्हणून भागाबायला नेमलं. दुसरी मी. मी चौथी पास झालेली, लग्न होऊन एक मूल झालेली. माझं काम ओटीवर बसून शिकणाऱ्या बायकांची तान्ही पोरं सांभाळायचं आणि पाणी भरून ठेवायचं. खिडकीतून मला आतलं सगळं दिसायचं. भागाबाय मला नावाने कधी हाक मारत नसे. "गो चौथी, त्या कार्ट्याला गप कर, फळ्यावरचा मास्तर ऐकू येत नाय!"

वर्ग भरायच्या आधी ती वाडीत घरोघर फिरायची. सुना शिकायला तयार असत, सासवा सोडत नसत. भागाबाय दारात उभी राहून सूप उसनं मागावं तशी सून मागायची. "तासभर दे गो. संध्याकाळच्या आत परत आणून देते. झिजली तर भरून देईन."

"शिकून काय ब्यारिष्टर व्हायची हाय?" सासू विचारायची.

"तू तिला व्हायला देशील काय? मग घाबरतेस कशाला? चल गो येसू, पाटी घे."

ही येसू आमच्या शेजारची. पोरसवदा, नवरा मचव्यावर खलाशी. हुशार होती, पण भित्री. तिच्याबद्दल पुढे येईलच.

मास्तर जे सांगत ते भागाबाय बायकांना समजावून द्यायची. म्हणजे असं ठरलं होतं. मास्तर म्हणत, "त्यांना सांगा, घाई करू नका, सावकाश लिहा." भागाबाय बायकांकडे वळून म्हणायची, "मास्तर म्हणतात, हात मासळी कापल्यासारखा चालवू नका, देवाने डोकं दिलंय तां वापरा." मास्तर चार हातांवर उभे असत. त्यांना सगळं ऐकू जाई. पहिले काही दिवस त्यांनी "मी असं म्हटलं नाही" असं म्हणून पाहिलं, नंतर सोडून दिलं. बायका कोणी लग्नाला गेल्या तर ही मास्तरांना सांगायची, "ताप आलाय, वाडीत साथ हाय." मास्तर काळजीत पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी साथीतल्या सगळ्या बायका हळद लागलेल्या पदरांनी हजर.

अक्षर गिरवायला शिकवताना ती बाईच्या मागे बसायची आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन पाटीवर फिरवायची. चुकलं की चिमटा काढायची, चांगला वळ उठेल असा. "ग म्हणजे गळ आणि त्याच्या बाजूला खुंटा. गळ तुला माहीत नाय? मग बापूस काय हातांनी मासे धरत होता?" बायका हसायच्या, आणि ग यायचा. मी चौथीपर्यंत शाळेत शिकले, पण मला कोणी असं हात धरून शिकवलं नाही. आमचे गुरुजी छडीने शिकवायचे.

ती स्वतः उशिरा शिकलेली. तिचा नवरा मुंबईच्या बोटीवर होता. तिथे कोणाकडून तरी तो वाचायला शिकला. मग त्याला छातीचं दुखणं लागलं आणि तो घरी आला. खाटेवर पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून त्याने बायकोला अक्षरं शिकवली. कोळशाने जमिनीवर. ती सारवण सारवता सारवता शिकली. दोघांना मूल नव्हतं. वाडीत लोक हसायचे, म्हणायचे म्हाताऱ्याने म्हातारीला बिगरीत घातलंय.

आता मुख्य गोष्ट सांगते. तेव्हा बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात, मंगळागौरीला उखाण्यात काय घेईल तेवढंच, तेही डोळे मिटून. एरवी नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं अशी समजूत, आणि आमच्या वाडीतले पुरुष समुद्रावर, त्यामुळे ती जरा जास्तच घट्ट. जिच्या नवऱ्याचं नाव सोनू ती सोन्याला पिवळं म्हणायची. जिच्या घरचे गणपत, ती चवथीला उंदरावरचा देव आणायची. हे सगळं आम्हाला श्वासासारखं होतं. त्यात काही वेगळं आहे असं वाटायचंसुद्धा नाही.

पण वर्गात अडचण झाली. मास्तरांनी प्रत्येकीला पहिलं काय शिकवलं, तर स्वतःचं पूर्ण नाव. त्यात मधे नवरा. एक बाई आपलं नाव वाचायची आणि थांबायची. मास्तर वाट बघायचे, मग पुन्हा पहिल्यापासून तेच अक्षर फळ्यावर काढायचे. तिला ते अक्षर चांगलं येत होतं. ती वाचणार नव्हती, एवढंच. मास्तरांच्या घरीही तोच रिवाज असणार, पण पाटीवरच्या अक्षरालाही तो लागू आहे हे त्यांना सुचलं नव्हतं.

भागाबायने त्याच्यावर तोड काढली. कोणाच्या नवऱ्याचं नाव काय, हे तिला तोंडपाठ. बाई वाचत वाचत तिथपर्यंत आली की भागाबाय मागून ते नाव म्हणायची आणि बाई पुढे आडनावावर जायची. येसूचं असं चालायचं. येसू म्हणायची, "येसू." मागून भागाबाय, "दत्ताराम." मग येसू, "भाटकर." पुस्तकात धड्यात दत्त आला तरी तसंच. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कोणाला बंदी नव्हती. बायका म्हणायच्या, "भागाबायला वाडीतले सगळे घो पाठ हायत." ती म्हणायची, "पाठच हायत, पदरात नकोत. एकच पुरे झालाय."

त्या एकाचं नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. "आमचे" म्हणायची, "खाटेवरचे" म्हणायची. तिचं स्वतःचं नाव हजेरीच्या वेळी मास्तर वाचायचे.

होळी झाल्यावर वर्ग तपासायला साहेब आले. घाटावरचे होते, कोट-टोपीतले, स्वच्छ बोलणारे. वाईट माणूस नव्हते. वाडीतल्या सासवा खिडकीत जमल्या, म्हणून मी पोरं घेऊन आत दाराशी बसले. साहेबांनी सांगितलं, "प्रत्येकीने पाटीवर आपलं पूर्ण नाव लिहायचं आणि उभं राहून वाचायचं. मदतनीस बाईंनी मधे बोलायचं नाही."

पहिली येसू. तिने नाव लिहिलं, सुबक लिहिलं. उभी राहून वाचलं, "येसू." आणि थांबली.

"पुढे?"

येसूने भागाबायकडे पाहिलं. भागाबायने तोंड उघडलं, तसा साहेबांनी हात वर केला. येसूच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. दुसरी उठली, तीही तिथेच थांबली. तिसरी तर उठलीच नाही.

मास्तर पुढे होऊन हळू म्हणाले, "साहेब, नवऱ्याचं नाव आहे ना, म्हणून..."

"मला समजतं," साहेब म्हणाले. "माझी आईही घेत नसे. पण शिकूनसवरून हेच जपायचं असेल तर हा वर्ग कशाला? आणि मी कागदावर काय लिहू? यांना वाचता येतं हे मी कशावरून मानू? चित्र गिरवावं तसं गिरवलं असेल." मग म्हणाले, "या खोलीतली एक जरी बाई आपलं नाव पूर्ण वाचील, तर वर्ग चालू ठेवा म्हणून लिहितो. नाहीतर बंद."

कोणी हललं नाही. खिडकीतून एक सासू म्हणाली, "बंद तर बंद."

तशी भागाबाय उठली. "माजं चालंल?"

"तुम्ही मदतनीस आहात."

"मदतनीस आता झाले. आधी अंगठाछाप होते. हिच्यासारखीच शिकले, केस पांढरे झाल्यावर."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मान हलवली. भागाबाय फळ्याकडे गेली. खडू तिच्या हातात कधी धड राहत नसे, तिने तो मुठीत धरला. लिहिलं, आणि वळून आमच्याकडे तोंड करून, मासळीबाजारात ओरडायची त्या आवाजात वाचलं, "भागीरथी महादेव शिवलकर."

माझ्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. येसूने तोंडावर हात ठेवला. खिडकीतल्या सासवा एकेक करून निघून गेल्या. साहेब "शाबास" म्हणाले आणि लिहायला लागले. भागाबायने फळा पुसला. पदराने नाही, तळहाताने. मग तो हात तिने किती तरी वेळ लुगड्याला पुसला.

ती घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. नवऱ्याने भांडण केलं नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ज्याने कोळशाने तिला ते नाव लिहायला शिकवलं, तोच. तिसऱ्या दिवशी बोलला. काय बोलला ते तिनेच मला ओटीवर सांगितलं, मिश्री लावता लावता.

"म्हणतात, मी गेल्यावर घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"मग तू काय म्हणालीस मावशी?"

"म्हटलं, सायब थांबणार होता थोडाच."

मला हसू आलं. तिला नाही आलं. मी विचारलं, "मावशी, तू खरंच मानतेस काय हे? नावाने काय होतं ते?"

ती फणकारली. "चौथी शिकलीस तरी अक्कल नाय. न मानणारी असते तर त्यात काय होतं? कोण पण म्हटलं असतं. रोज त्यांच्यावरून मीठ-मिरची उतरते ती काय गंमत म्हणून? मानते. मानते म्हणून तर तोंड सुकलं माजं तेव्हा."

"मग का घेतलंस?"

"चित्र गिरवलंय म्हणाला ना तो. येसूने महिनाभर त्या एका 'त'पायी रडून काढलं. माज्या हातात तिचा हात होता. आणि हा म्हणतो चित्र." थुंकून आली आणि म्हणाली, "डोक्यात गेलं माज्या. बस्स."

पावसाच्या तोंडाला महादेव गेला. छातीचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरने शिमग्याआधीच आशा नाही म्हणून सांगितलं होतं, वाडीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. तरी वाडीने काय ते ठरवलं. तोंडावर कोणी बोललं नाही. आमच्याकडे असलं तोंडावर बोलत नाहीत. विहिरीवर ती आली की घागरी लवकर भरल्या जायला लागल्या.

सुतकाचे दिवस झाल्यावर ती वर्गात आली. कपाळ पुसलेलं, हातात बांगडी नाही. आवाज तोच. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, बाजार नसतो, त्यामुळे वर्ग भरलेला होता. ती एकीच्या मागे बसायला गेली, तशी ती बाई म्हणाली, "आज नको, हात दुखतोय." दुसरीचाही दुखत होता. येसूला तेव्हा दिवस गेले होते. तिने पाटी पोटाशी धरली आणि कोपऱ्यात सरकून बसली.

भागाबाय भिंतीशी टेकून बसली. वाचन सुरू झालं. येसूची पाळी आली. ती धडा वाचत होती, चांगला वाचत होती, आणि मधे दत्त आला. येसू थांबली. नेहमीच्या सवयीने भागाबाय मागून म्हणाली, "दत्त."

येसू पाटी टाकून किंचाळली. "माज्या घोवाचं नाव घेऊ नको! तुज्या तोंडाने घेऊ नको!"

पाटी फुटली. मास्तर पहिल्यांदाच फळ्याकडे पाठ करून बायकांकडे बघत उभे राहिले. येसूचा नवरा पावसामुळे घरी सुखरूप होता, जाळी विणत बसला होता. पण नारळी पुनवेनंतर तो पुन्हा समुद्रावर जाणार होता, हे त्या खोलीत प्रत्येकीला माहीत होतं.

भागाबायने पाटीचे तुकडे गोळा केले. "पायात जातील," एवढंच म्हणाली.

मग मास्तरांनी तोड काढली. नाव आलं की ते स्वतः म्हणायला लागले. पुरुषाने नाव घेतलं तर चालतं, त्यात कोणाचंच काही जात नाही. बायकांना ते पटलं. आणि एकदा मास्तर नाव म्हणायला लागले, तसे बायकाही त्यांच्याशी सरळ बोलायला लागल्या. "मास्तर, हां काय लिवलंय? मास्तर, माजं बघा." पदर खाली आले. मास्तरांची चोरी गेली. मधलं माणूस कोणालाच लागेना. तो वर्ग पुढे बरीच वर्षं चालला आणि चांगला चालला, हे खोटं नाही. ज्या बाईमुळे तो चालू राहिला ती मात्र भिंतीला टेकून पेन्सिलींना टोकं काढत बसायची. टोकं काढून संपली की काढलेल्यांना पुन्हा काढायची. मास्तर तिला जा म्हणाले नाहीत. थांब म्हणण्यासारखंही त्यांच्याकडे काही नव्हतं. वर्गातून बाहेर पडताना ते तिच्याकडे न बघता चपला घालायचे.

मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, पोरांकडे बस माझ्याबरोबर. मला दोन हात कमीच पडतात." ती म्हणाली, "त्यांच्या आया बसू देतील काय?" त्यांनी बसू दिलं नसतं, हे मलाही माहीत होतं.

पाऊस संपून बोटी सुरू झाल्या तशी ती मुंबईला भावाकडे जायला निघाली. तिचं बोचकं मी किनाऱ्यापर्यंत नेऊन दिलं. आणखी कोणी आलं नव्हतं. तेव्हा आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून तिथपर्यंत जायची. पडावात इकडच्या तिकडच्या गावच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. भागाबायला त्यांच्यातली कोणी ओळखत नव्हती. दोघींच्या मधे कशीबशी ती अंग चोरून बसली, बोचकं डोक्यावर धरून.

एकटी बाई असली की पडाव चालवणारा तांडेल विचारून घ्यायचा, म्हणजे वर बोटीत तिला कोणाच्या माणसांत बसवायची ते ठरवता येई. "गो म्हातारे, कोणाची तू?"

मला वाटलं, भावाचं नाव सांगेल. सांगायला हरकत नव्हती.

"महादेव शिवलकराची," भागाबाय म्हणाली. सगळ्या पडावाला ऐकू जाईल अशी.

शेजारच्या दोघींनी एकदम मंगळसूत्राला हात लावले. एक इकडे सरकली, एक तिकडे. त्यांच्या पलीकडच्या सरकल्या. फळीवर तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा झाली.

भागाबायने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. डोक्यावरचं बोचकं उतरवून एका बाजूला ठेवलं, आणि पाय पसरून ऐसपैस बसली. पडाव सुटला.